कोरी टोपी

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तू मला तुझ्या पिवळ्या टोपीचा फोटो पाठवायला सांगितलंस. कॉलेजात काहीतरी काम दिलंय, स्वतःची सगळ्यात जुनी वस्तू दाखवायची आहे, आजीच्या ट्रंकेत माझी टोपी नक्की असेल, असं म्हणालीस. मी "बघते हं" म्हटलं आणि बोलणं तुझ्या भावाच्या खोकल्याकडे वळवलं. ते खोटं होतं. टोपी ट्रंकेत नाही हे मला पक्कं माहीत होतं, कारण ती मीच काढली.

हरवली म्हणून सांगावं, असं दोन दिवस मनात येत होतं. पण माझ्या घरात वस्तू हरवत नाहीत हे तुम्ही दोघंही जाणता. ट्रंकेच्या झाकणाला आतून यादी चिकटवलेली असते यावरून तुम्हीच मला हसता. म्हणून खरं काय झालं ते लिहून पाठवते. तुझ्या भावाला मराठी वाचायचा कंटाळा येतो, त्याला तू वाचून दाखव.

तुम्ही जिला मावशी म्हणता ती आपल्याकडे अकरा वर्षं पोळ्यांना येते. सकाळी सव्वासातला बेल वाजते, ती तिचीच. तिचे यजमान मागच्या गल्लीतल्या सोसायटीत वॉचमन आहेत. गाव माळशेज घाट चढून गेल्यावर, तिथून आणखी आत. तिची एकुलती एक लेक दोन वर्षांपूर्वी त्याच बाजूला दिली. गेल्या दिवाळीत तिला सहावा महिना होता. नवव्यात तिला मुलुंडला आणायची, इथल्या प्रसूतिगृहात नाव घालायचं, असं ठरलं होतं.

दिवाळीच्या आधी एकदा पोळ्या लाटता लाटता मावशी म्हणाली, "आजी, ताईच्या लेकीचं जुनंपानं काही ठेवलंय का वर? टोपडं, झबलं, काय पण चालंल."

ताई म्हणजे तुझी आई, आणि ताईची लेक म्हणजे तू.

मी म्हटलं, "जुनं कशाला गं? मी नवीन विणून देते."

"नवीन नको हो. जुनंच द्या. चांगली उंचीपुरी झालीय ना ती."

हे शेवटचं वाक्य मी ऐकलं आणि सोडून दिलं. मला वाटलं, भिडेपोटी म्हणतेय. आपल्या बिल्डिंगमध्ये दिवाळीला सगळ्या घरांतून कामवाल्या बायकांना जुने कपडे दिले जातात. ते मला कधीच आवडलं नाही. शाळेत आमच्या इंग्रजीच्या बाई सांगायच्या की देताना आपल्याला घ्यायला आवडेल तेच द्यावं. ते माझ्या मनात इतकं घट्ट बसलं आहे की समोरचा काय मागतोय हे विचारायची मला गरज वाटत नाही. आणि आता लिहायलाच बसले आहे तर हेही लिहिते, की मला तुझी टोपी द्यायची नव्हती. दोन वर्षांची झाल्यावर तू आईबाबांबरोबर परदेशी गेलीस, त्यानंतर माझ्याकडे तुझं म्हणून तेवढंच उरलं होतं. कानांवर येणारी, हनुवटीखाली बांधायच्या नाड्यांची, डाव्या बाजूला एकदा रफू केलेली.

ती रीत मला माहीत नव्हती असंही नाही. तुझी आई जन्मली तेव्हा माझ्या आईने शेजारच्या घरातून झबली मागून आणली होती. त्या घरातली चारही मुलं धडधाकट होती म्हणून त्यांचीच. पहिले दिवस बाळाच्या अंगाला कोरं कापड लावायचं नाही, वापरलेलं, दुसऱ्या बाळाने अंगावर जिरवलेलं लावायचं, नवं सगळं बारशाला. मी तेव्हा हसले होते. माझ्याजवळ बालसंगोपनाचं जाड इंग्रजी पुस्तक होतं आणि थर्मामीटर होता.  तिने झबली दोनदा उकळून मला आणून दिली आणि मी ती मुकाट्याने वापरली. तरी इतक्या वर्षांनी मावशीने तेच मागितलं तेव्हा मला आईची आठवण झाली नाही.

मी आकाशी लोकर आणली आणि टोपी, स्वेटर, मोजे असा संच विणला. चांगला झाला होता. धुऊन, सावलीत वाळवून, पारदर्शक पिशवीत घातला. सोबत एक कागद केला: बाळाची काळजी, आठ मुद्दे, मोठ्या अक्षरात, लॅमिनेट करून. मावशीची लेक आठवी शिकली आहे, ती वाचेल म्हणून. पहिला मुद्दा हात धुण्याचा होता, दुसरा नाळेचा. बाळाला ऊब कशी द्यायची हा पाचवा होता. का पाचवा, ते आता सांगता येत नाही. मुलुंडमध्ये बसून लिहिताना थंडी आठवत नाही, एवढंच.

डिसेंबरमध्ये एका सकाळी मावशी आलीच नाही. नऊ वाजता यजमान दारात आले. लेकीच्या पोटात आदल्या दिवशी दुखायला लागलं, तालुक्याच्या दवाखान्यात नेलं, पहाटे मुलगी झाली. दीड महिना आधी. वजन सतराशे ग्रॅम. मावशी निघायच्या तयारीत होती. मी ती पिशवी आणि कागद घेऊन खाली गेले आणि तिच्या हातात दिले. रिक्षात बसता बसता ती म्हणाली, "एवढीशी आहे म्हणतात, आजी. पायलीच्या मापात मावंल."

त्यानंतरचे दहा दिवस मी फोनजवळ बसून काढले.

त्यांच्या वस्तीवर रेंज येत नाही. पाण्याच्या टाकीजवळ एका ठिकाणी येते. मावशी सकाळी अकराच्या सुमाराला पाण्याला जायची आणि तिथून मला फोन करायची. मी वहीत लिहून ठेवलेलं तिला सांगायची, ती सांगे ते लिहून घ्यायची. हे वहीतलं मला कोण देत होतं, तर दुसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई. लहान मुलांच्या डॉक्टर होत्या, आता निवृत्त आहेत. मी वजन सांगितल्याबरोबर त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि म्हणाल्या, औषधाचं नंतर बघू, आधी तिला गार पडू देऊ नका. एवढ्याशा बाळाला स्वतःची ऊब धरून ठेवता येत नाही. कपड्यांचे थर घालून भागत नाही. आईच्या उघड्या छातीला बाळ उघडं लावायचं, वरून दोघींना मिळून गुंडाळायचं, डोक्यावर टोपी. आंघोळ नाही. दिवसरात्र असंच.

पहिले तीन दिवस हे सगळं होत होतं. दवाखान्यातल्या सिस्टरने तसंच धरायला शिकवलं होतं. मावशी तिथूनच फोनवर सांगायची, माकडिणीच्या पोटाला पिल्लू असतं तसं दिसतंय. हसायची. मला वाटलं, जमलं.

चौथ्या दिवशी सासरचे लोक बाळाला आणि आईला घरी घेऊन गेले. सिस्टर नको म्हणत होती. पण पाचव्या दिवशी पाचवी पुजायची असते, सटवाई येऊन बाळाच्या कपाळावर लिहून जाते, ती दवाखान्यात कशी पुजणार? लेकीच्या सासूबाईंनी पाच मुलं वाढवली आणि त्याआधी दोन पुरली, त्यामुळे त्यांच्यासमोर कोणी बोललं नाही. त्यांना दोष द्यायला मी हे लिहीत नाही. त्यांनी बाजेखाली शेगडी ठेवली, ओव्याची धुरी दिली, तेल कोमट करून चोळलं, कढत पाण्याने न्हाऊ घातलं. जे केलं ते उबेसाठीच केलं. फक्त न्हाऊन ओलं झालेलं सतराशे ग्रॅमचं बाळ कौलांखालच्या वाऱ्यात किती पटकन गार पडतं, हे मला डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं आणि त्यांना सांगणारं तिथे कोणी नव्हतं.

मी मावशीला म्हटलं, "न्हाऊ घालू नका म्हणून सांग ना त्यांना."

"मी व्याहीण आहे, आजी. ते घर माझं नाय. लेकीच्या सासरात किती बोलणार मी?"

"मग त्यांना फोन दे. मी बोलते."

"त्या टाकीपर्यंत कशाला येतील?"

 इथे माझ्या टेबलावर वही होती, पेन होतं, फोन चार्ज केलेला होता, खालच्या मजल्यावर डॉक्टर होती. तिथे यातलं काही पोचत नव्हतं. जायचा विचारही केला, पण गुडघ्याच्या ऑपरेशनला तीन महिनेच झाले होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुम्ही घाटात पडलात तर त्या लोकांना आणखी एक काम.

सहाव्या दिवशी मी सहज विचारलं, "टोपी बसतेय ना नीट? मोठी तर नाही झाली?"

 मावशी म्हणाली, "कोरी आहे, आजी. बारशाला घालू."

"मग आत्ता डोक्यावर काय आहे?"

"फडकं बांधलंय. लुगड्याचं. सरकतं मेलं सारखं."

"आणि स्वेटर?"

"पेटीत आहे सगळं. कागद पण. नीट ठेवलंय, खराब नाय होणार." आणि मग, काही राग नसलेल्या आवाजात, "मी तुम्हाला जुनं मागितलं होतं ना."

मी फोन ठेवला. माळ्यावरची ट्रंक काढायला खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांना बोलावलं. झाकण उघडलं, यादीत नऊ नंबरला टोपी होती, पिवळी, आणि ती नऊ नंबरच्या जागीच होती. तिला कापराचा वास येत होता. दिवाळीआधी ही टोपी हातात घेऊन मी परत ठेवली होती. माझ्या नव्या टोपीला तिथे त्यांनी पेटीत ठेवलं होतं आणि तुझ्या जुन्या टोपीला मी इथे ट्रंकेत ठेवलं होतं. आणि ते बाळ मधल्यामधे फडक्यावर होतं.

यजमान दुसऱ्या दिवशी सकाळी गावी निघणार होते. मी वॉचमनच्या केबिनपर्यंत चालत गेले आणि टोपी त्यांच्या हातात दिली. वर्तमानपत्रात गुंडाळून, पिशवी नाही, कागद नाही. "ही जुनी आहे, माझ्या नातीची आहे, लगेच घाला म्हणावं," एवढंच सांगितलं. त्यांनी ती शर्टाच्या आत ठेवली.

सातव्या दिवशी मावशीच्या लेकीला ताप भरला. बाळाला छातीला धरायला आई उरली नाही. तेव्हा मावशीने स्वतःच्या चोळीची बटणं सोडली आणि बाळाला अंगाला लावून वरून घोंगडी बांधली. सासूबाई म्हणाल्या, हे काय ध्यान. मावशी म्हणे, मी आपली भिंतीकडे तोंड करून बसले. फोन करायला ती टाकीपर्यंत आली तेव्हाही बाळ तसंच होतं. मला बोलण्यामागे एक बारीकसा आवाज येत होता, मांजरीच्या पिल्लासारखा. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की रडतंय तोवर बरं, म्हणून मी सगळं बोलणं त्या आवाजाकडे कान लावून बोलत होते.

त्याच संध्याकाळी टोपी पोचली.

आठव्या दिवशीचा फोन मला शब्द न् शब्द आठवतो. मावशी हसत होती. "अगदी ताईच्या लेकीवानी दिसतंय बघा ध्यान." सासूबाईंनी विचारलं होतं, कुणाची टोपी? मावशीने सांगितलं, ज्या पोरीची आहे ती परदेशात शिकते, माझ्या खांद्याच्या वर गेलीय, आजवर दवाखान्याचं तोंड पाहिलं नाही. हे शेवटचं खरं नाही, तुला दोनदा न्यूमोनिया झाला होता, पण मी काही बोलले नाही. ते ऐकून सासूबाईंनी स्वतःच्या हाताने नाड्या बांधल्या. आणि त्या दिवशी त्यांनी न्हाऊ घातलं नाही. का, ते मावशीलाही कळलं नाही. बाळाने चमच्याने दूध घेतलं, दोनदा.

मी त्या दिवशी शिरा केला. एकटीसाठी. 

नवव्या दिवशी दूध कमी झालं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, परत दवाखान्यात न्या, आजच. मी सांगितलं. मावशीने घरात सांगितलं. जीप दुसऱ्या दिवशी बाजाराच्या निमित्ताने येणार होती, तिने जाऊ असं ठरलं. मी इथून तालुक्याच्या गावात गाडी मिळते का म्हणून तीन ठिकाणी फोन लावले. एकाने वस्तीचं नाव ऐकून विचारलं, तिथे रस्ता आहे का? मला माहीत नव्हतं. अकरा वर्षं ती बाई माझ्या घरात येते आणि तिच्या लेकीच्या घरापर्यंत रस्ता जातो की नाही, हे मला माहीत नव्हतं.

दहाव्या दिवशी अकराला फोन आला नाही. मी म्हटलं, जीपमध्ये असतील. बाराला आला नाही. एकला मी जेवायला वाढून घेतलं आणि तसंच झाकून ठेवलं. आंघोळीला गेले नाही, पाण्याच्या आवाजात रिंग ऐकू येणार नाही म्हणून. चार वाजता यजमानांचा फोन आला.

"आजी, बाळ गेलं सकाळी. जीप यायच्या आधी."

मी विचारलं, मावशी कुठे आहे? ते म्हणाले, बसलीय. अजून सोडत नाय तिला.

बारशाला दोन दिवस होते. तिला नाव नव्हतं.

मावशी तीन आठवड्यांनी परत आली. सव्वासातला बेल वाजली, मी दार उघडलं, तिने चप्पल काढली आणि सरळ कणीक भिजवायला घेतली. मी काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं. दोन पोळ्या झाल्यावर तीच म्हणाली, लेकीला बरं आहे, ताप उतरला, बोलत नाही फारसं. आणखी दोन पोळ्या झाल्या. मग हात पुसून तिने पिशवीतून माझी पारदर्शक पिशवी काढली आणि ओट्यावर ठेवली. आकाशी संच होता तसा होता, घडीसुद्धा मोडली नव्हती. आत माझा कागद.

"ही कोरीच आहे. कुणी घातली नाय. दुसऱ्या कुणाला तरी होईल."

मी मान हलवली.

"आणि ती पिवळी," ती तव्याकडे बघत म्हणाली, "ती आम्ही काढली नाय तिच्या डोक्यावरची. तशीच ठेवली. लई गार होतं त्या दिवशी. तुमची आठवण होती ती, तुम्हाला विचारायला पायजे होतं. पण फोन कुठे लागतो तिथे?"

ती माझी माफी मागत होती. मी तिला म्हटलं की असं काही बोलू नकोस, आणि ओट्याजवळ तिला चिकटूनच उभी राहिले. ती म्हणाली, पोळी करपंल, सरका जरा.

तर तुझी टोपी तिथे आहे. फोटो मिळणार नाही.

मी डॉक्टरीणबाईंना नंतर एकदा विचारलं, टोपी पहिल्या दिवसापासून असती तर?  त्या म्हणाल्या, टोपी, दवाखाना, आईचा ताप, वजन, थंडी, यातलं कुठलं एक काढून बाजूला ठेवायचं ते मलाही सांगता येणार नाही. चांगल्या मनाच्या आहेत म्हणून तसं म्हणाल्या असतील. खरंही असेल.

आकाशी टोपी मी ट्रंकेत ठेवू शकले नाही. तळमजल्यावर नवीन भाडेकरू आले आहेत, त्यांचा मुलगा पाच महिन्यांचा आहे, गुबगुबीत, दिवसभर ओरडत असतो. मी संच घेऊन त्याच्या आईकडे गेले. तिला वाटलं भेट आहे. "थँक यू आजी" म्हणून तिने घेतला. मग मला सांगावं लागलं की भेट नाही, मला तो परत हवा आहे, पण वापरून.

"वापरून परत?" ती म्हणाली. "खराब होईल ना, आजी."

"होऊ दे. लाळ लागू दे, दूध लागू दे. फक्त त्याने घातलेला पाहिजे."

ती माझ्याकडे जरा काळजीनेच बघत होती. मी कारण सांगितलं नाही. चांगली मुलगी आहे, माझं मन राखायला रोज सकाळी गॅलरीत बसून त्याला दहा मिनिटं टोपी घालते. मार्च सुरू झाला आहे, मुलुंडला आत्ताच घाम येतो, ते पोर टोपी ओढून काढायला बघतं आणि किंचाळतं. याने काय होणार आहे, मला माहीत नाही. मावशीच्या लेकीला पुन्हा दिवस जातील की नाही, ते कोणी विचारत नाही, मीही विचारलेलं नाही. विचारण्यासारखं नाहीच ते.

काल मावशी काम उरकून जिन्यावरून खाली उतरली तेव्हा मी खिडकीत होते. तळमजल्याच्या गॅलरीपाशी ती थांबली. पोराच्या डोक्यावरची आकाशी टोपी तिने ओळखली असणार. तिने वर खिडकीकडे पाहिलं नाही. गजांमधून हात घालून टोपीची कड दोन बोटांत धरून पाहिली, कापडाच्या दुकानात पाहतात तशी. आज सकाळी कणीक मळताना एवढंच म्हणाली, "लोकर अजून ताठ आहे, आजी. राहू दे त्याच्याकडे अजून."

मी "बरं" म्हटलं.